पथ्य एकाचे नव्हे, घराचे

घरातील एखाद्या कर्त्या माणसास मधुमेह झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे आपल्याकडे एक ठराविक क्रम सुरू होतो. त्याचा चहा निराळा होतो, त्याच्या ताटातील भात कमी होतो, आणि सणावारी पुरणपोळीची परात त्याच्यापुढून जपून नेली जाते. बाकीचे घर मात्र काल जे जेवत होते तेच आज जेवते. पथ्य हे रोग्याचे. घरच्यांनी फार तर त्याच्यावर पहारा ठेवावा, अशी ही समजूत आहे. ती अपुरी आहे, एवढेच नव्हे, तर घरातील मुलाबाळांच्या दृष्टीने अहितकारक आहे, असे आमचे मत आहे. मधुमेह ज्याला झाला त्याचे ताट बदलणे हा उपचार झाला. तो दुसऱ्यास होऊ नये म्हणून सर्व घराचा स्वयंपाक बदलणे हा प्रतिबंध होय. आणि ह्या दुसऱ्या कामी दवाखान्यापेक्षाही शाळेचा उपयोग अधिक आहे.

हा रोग आपल्या देशास नवा नाही. प्रमेहाचे वीस प्रकार सांगून त्यांत मधुमेहाची गणना प्राचीन आयुर्वेदाने केली आहे. प्रमेहाची कारणे देताना चरकसंहितेने सुखाने बसून राहणे, अतिनिद्रा, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख केला आहे. पुढे फार काळ हा बैठ्या व श्रीमंत लोकांचा रोग मानला जाई. आज तशी स्थिती राहिलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर जी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार वीस वर्षांवरील लोकांत ११.४ टक्के मधुमेही आहेत; म्हणजे देशात सुमारे १० कोटी १० लाख माणसे. शहरांतील प्रमाण १६.४ टक्के, तर खेड्यांतील ८.९ टक्के. हे आकडे वाचून खेडेगावचा वाचक निःश्वास टाकील. पण त्याच पाहणीत दुसरा एक आकडा आहे. ज्यांच्या रक्तातील साखर वाढू लागली आहे, परंतु मधुमेहाच्या मर्यादेपर्यंत पोहोचलेली नाही, असे लोक १५.३ टक्के आहेत. आणि ह्या बाबतीत शहर व खेडे यांत जवळजवळ फरक नाही. रोगाच्या उंबरठ्यावर दोघेही सारखेच उभे आहेत. शहर आत गेले आहे, खेडे जाण्याच्या बेतात आहे.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. लहान मुलांत क्वचित आढळणारा मधुमेहाचा एक प्रकार खाण्यापिण्यामुळे होत नाही. त्यात शरीरात इन्सुलिन तयार होणेच बंद पडते, आणि ते बाहेरून टोचून घ्यावे लागते. अशा मुलास किंवा त्याच्या आईबापांस बोल लावणे हा अन्याय होय. आमचे विवेचन मोठ्या वयात येणाऱ्या, आणि अलीकडे ऐन तारुण्यातही दिसू लागलेल्या, बहुसंख्य मधुमेहाविषयी आहे. ज्यांना औषध चालू आहे त्यांनी आहार सुधारला म्हणून ते आपल्या मनाने सोडणे धोक्याचे आहे, हेही ध्यानात ठेवावे. डोळे, मूत्रपिंडे, हृदय व पाय ह्यांवर हा रोग गाजावाजा न करता आघात करतो.

“आमच्या घराण्यातच साखर आहे, मग काय करणार?” हा उद्गार आपल्या कानी नेहमी येतो. त्यात तथ्य आहे. मधुमेहाचा कल रक्ताच्या नात्याने उतरतो, ह्यात संशय नाही. परंतु आजोबांकडून नातवाकडे केवळ रक्तच येत नाही. चहात किती चमचे साखर घालावी, भाजीत तेलाचा तवंग किती असावा, जेवणात भात किती व वरण किती, रात्री किती वाजता जेवावे, ही सारी वळणेही त्याच वाटेने येतात. वारसा जसा रक्ताचा असतो तसा चुलीचाही असतो. पहिला आपल्या हाती नाही, दुसरा आहे.

तो हाती आहे असे म्हणण्यास आधार आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी रोगाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ स्त्रीपुरुषांवर सुमारे तीन वर्षे एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ सर्वसाधारण सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी शेकडा ५५ जणांस त्या अवधीत मधुमेह झाला. ज्यांना आहार व व्यायाम यांविषयी पुनःपुन्हा मार्गदर्शन केले, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ राहिले. औषधानेही जवळपास तेवढेच साधले, अधिक नाही. म्हणजे चांगल्या ताटाची व रोजच्या चालण्याची योग्यता एका गोळीइतकी ठरली. शेकडा सोळा माणसे वाचणे ही अल्प गोष्ट नव्हे. आपल्या एखाद्या गल्लीत ती कोणकोणती असतील, हे मनात आणून पाहावे.

आता ह्याहूनही विचार करायला लावणारी हकीकत पुण्याकडील आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. इतके आपल्याला अपेक्षितच होते. अनपेक्षित ते पुढेच आहे. आपली बालके हाडामांसाने लहान होती, परंतु अंगावरील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला किडकिडीत, पण आतून मेदाळ, अशी ही ठेवण जन्मापासूनच असते. आणि पुढे अन्न मुबलक व श्रम कमी झाले की तीच मधुमेहास वाट करून देते. त्याच अभ्यासात असेही दिसले की, ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर घेत होत्या, त्यांची बालके आकाराने मोठी निपजली.

ह्याचा अर्थ उघड आहे. पन्नाशीत होणाऱ्या रोगाचा आरंभ आईच्या ताटात होतो. आणि आपल्याकडे आईचे ताट कोणते? सर्वांची जेवणे उरकल्यावर भांड्याच्या तळाशी जे राहिले ते. वरणातील दाट भाग पुरुषांच्या व मुलग्यांच्या वाट्याला गेला, भाजी संपली, भाकरी व चटणी उरली. तीवर तिने दिवस काढला. ह्या रिवाजास आपण आजवर त्याग म्हणून गौरविले. आज त्यास चूक म्हणण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. गरोदर सून घरात सर्वांच्या शेवटी जेवत असेल, तर त्या घराने पुढच्या पिढीच्या आरोग्याचे कर्ज काढून ठेवले, असेच समजावे.

राजेश्वरच्या परिसरात राहणाऱ्या आपणांस हा विषय परका नाही. आपल्या मुलखाने भाषांची सरमिसळ पाहिली. निजामी राज्य, १९४८ चे विलीनीकरण, १९५६ ची राज्यपुनर्रचना पाहिली. परंतु मराठी बोलणाऱ्याची ‘भाकरी’ आणि कन्नड बोलणाऱ्याची ‘रोट्टी’ ही तव्यावर एकच होती. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हुलग्याचे शेंगोळे, अंबाडीची भाजी, कारळ्याची वा जवसाची चटणी आणि वर ताक किंवा आंबील, हा आपला आहार होता. शेजारच्या कलबुर्गीच्या तुरीस तर २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गेल्या काही दशकांत मात्र शिवाराचे व ताटाचे रूप पालटले. ज्वारीच्या जागी सोयाबीन व ऊस आला. दोन्ही पिके बाजारात जातात, घरच्या पाटीत येत नाहीत. २०१३ साली राज्यात अन्नभाग्य योजना सुरू झाली व स्वस्त तांदूळ घरोघर पोहोचला. ज्या घरी हातातोंडाची गाठ पडत नव्हती तेथे चूल पेटली, ह्याबद्दल कोणीही कृतज्ञच राहील. परंतु पोट भरण्याचा प्रश्न सुटत आला, की पोसण्याचा प्रश्न सुरू होतो. त्यातच महामार्गावरची तळणीची दुकाने, पाच रुपयांच्या चटकदार पुड्या आणि गोड पाण्याच्या बाटल्या ह्यांनी मुलांच्या मधल्या वेळेचा कबजा घेतला. भाजलेले शेंगदाणे व फुटाणे मागे पडले.

तेव्हा पुन्हा ज्वारीकडे वळावे, असा उपदेश हल्ली सर्वत्र ऐकू येतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. हा उपदेश चांगला आहे, पण अर्धा आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनहूनही कमी. म्हणून ज्वारी अधिक वेळ पोटास आधार देते, हे खरे. परंतु उष्मांक मोजले तर दोहोंत फारसे अंतर नाही. चार भाकरी कोरड्या मिरचीबरोबर खाणाऱ्याने आपण पथ्य केले असे समजू नये.

ह्याविषयी आपल्याच दख्खनचा एक जुना धडा आहे. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा नावाचा रोग आढळे. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर काळे चट्टे उठत, जुलाब लागत, मन भ्रमिष्ट होई. १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादेस आलेल्या पोषण संशोधनसंस्थेतील डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले की, ज्वारीतील ल्यूसिन ह्या घटकाच्या आधिक्यामुळे नायसिन ह्या जीवनसत्त्वाची उणीव शरीरास जाणवते. ज्वारी वाईट, असा ह्याचा अर्थ नव्हे. ज्वारी एकटी अपुरी, असा आहे. आणि २०२५ साली त्याच देशव्यापी पाहणीतून आहारासंबंधी जे निष्कर्ष निघाले, ते ह्याच दिशेचे आहेत. भारतीय माणसाच्या अन्नातील उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्ट व शर्करा ह्यांतून येतात. एक धान्य काढून दुसरे घालण्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. धान्याचा एकूण वाटा थोडा घटवून त्या जागी डाळी-कडधान्ये किंवा दूधदुभते आणले, तर तो कमी असल्याचे दिसते. भाकरी की भात, हा वाद म्हणूनच गौण आहे. भाकरीबरोबर वा भाताबरोबर काय व किती, हा खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी वर्षातून एकदा शिवारात मांडून ठेवले आहे. मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे आपल्या वेळ अमावास्येस, सारे घर शेतात जाते. कडब्याची कोप उभारून पूजा होते. आणि मग सगेसोयरे, शेजारीपाजारी, वाटसरू, सर्वांना जेवू घातले जाते. त्या दिवशीच्या पानावर भज्जी असते. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे, वाल, हाती लागतील त्या भाज्या, सर्व एकत्र शिजलेले. सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यातील आंबील. खीरही असते, पण ती सणापुरती. ह्या पानावर धान्य सोबती आहे, स्वामी नाही. मान कडधान्याचा व भाजीचा. शिवाय त्या दिवशी घरातली बाई मागे चुलीपाशी राहत नाही, शेतात सर्वांबरोबर बसते. पक्वान्ने बाजूस ठेवून त्या पानाची ही मांडणी उरलेल्या दिवसांत आणता आली, तर आहारशास्त्राची मोठी पुस्तके न वाचताही बरेचसे काम होईल.

कोणी म्हणेल, डाळी महाग आहेत. गरिबास हे सांगणे सोपे, करणे कठीण. आक्षेप खरा आहे. परंतु हुलगा व मटकी अजून डाळींच्या मानाने स्वस्त आहेत. शेवग्याचा पाला परसात फुकट मिळतो. तांदुळजा, घोळ, पाथरी बांधावर उगवतात, आणि आपण त्यांना तण म्हणून उपटून टाकतो. ज्या घरी अंडे चालते तेथे तेही आहेच. ज्याच्याकडे दोन एकर आहेत त्याने चार ओळी तूर, मूग व भाजी घरापुरती राखली तर बाजाराचे ओझे हलके होईल. महिन्याकाठी पुड्या, बाटल्या, चहाची साखर व तळण यांवर जे पैसे जातात ते एकदा मांडून पाहावेत. पुष्कळ घरी डाळीचे पैसे तेथेच सापडतील.

दुसरे कोणी म्हणेल, हा बायकांचा विषय आहे. मुलींना गृहशास्त्र शिकवा म्हणजे झाले. आम्हांस हे सर्वस्वी अमान्य आहे. शेतात काय पेरावे हे बहुधा पुरुष ठरवतात, आठवड्याचा बाजार पुरुष आणतात, दूध डेअरीला किती घालावे व घरी किती ठेवावे हेही तेच ठरवतात, आणि भाजीत तेल कमी पडले म्हणून ताट सरकवणारेही बहुधा तेच असतात. स्वयंपाकघराचा अर्धा कारभार स्वयंपाकघराबाहेर चालतो. सुनेला एकटीला शहाणे करून काय होणार? सासऱ्याच्या व सासूच्या संमतीवाचून तिला वरणात मूठभर डाळही जास्त टाकता येत नाही. म्हणून हे शिक्षण मुलांना व मुलींना सारखेच, आणि आईबापांना एकत्र बसवून दिले पाहिजे. त्याचे नाव कुटुंबाचे पोषणशिक्षण. त्यातील ‘कुटुंब’ हा शब्द महत्त्वाचा.

आणि येथेच शाळेचे कार्य येते. डॉक्टरांची भेट रोग झाल्यावर होते, व तीही पाच मिनिटे. शाळेची भेट रोज होते, आणि शाळेतून शिकलेली गोष्ट दप्तराबरोबर घरी जाते. ह्यासाठी नवा विषय नको, नवे पुस्तक नको. गणिताच्या तासास आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या वाणसामानाची यादी आणावी. माणशी रोज मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच माणसांच्या घरास महिन्याला ७५० ग्रॅम झाले. मिठाची एक किलोची पिशवी चाळीस दिवस पुरावयास हवी. घरी किती पुरते? वरून घातलेली साखर माणशी रोज २५ ग्रॅमच्या आत असावी, असा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला आहे. तेच घर, तोच महिना, म्हणजे साखर व गूळ मिळून ३ किलो ७५० ग्रॅम, आणि बिस्किटे व मिठाईतील साखरही ह्यातच. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळ घेतला की, एकट्या चहानेच ही मर्यादा ओलांडली जाते. हे उदाहरण फळ्यावर सोडविणारा विद्यार्थी संध्याकाळी घरी काय बोलेल, ते सांगावयास नको. विज्ञानाच्या तासास बांधावरच्या भाज्या ओळखाव्यात, भूगोलाच्या तासास गावातील पिके पन्नास वर्षांत कशी बदलली हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. स्नेहसंमेलनास पालक येतातच. त्या दिवशी गरोदर स्त्री व वाढत्या वयाची मुलगी यांचे ताट कसे असावे, हे भाषणाने नव्हे तर प्रत्यक्ष ताट मांडून दाखवावे. तीस वर्षांवरील पालकांना आरोग्यकेंद्रात रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घेण्याची आठवण त्यांच्या मुलांनीच करून द्यावी.

ह्या कामास अनुकूल अशी एक परंपरा आपल्या दारातच आहे. बाराव्या शतकात बसवकल्याण येथे शरणांनी कायक व दासोह यांची शिकवण दिली. श्रम करावे आणि जे मिळेल ते वाटून खावे. त्याच शब्दाची आठवण ठेवून राज्याने २००२ साली, प्रथम आपल्या ह्या ईशान्येकडील जिल्ह्यांत, शाळेतील दुपारच्या जेवणाची ‘अक्षर दासोह’ योजना सुरू केली. त्या पंक्तीत मुलगा व मुलगी शेजारी बसतात आणि पळीने सारखेच वाढले जाते. कोणी आधी नाही, कोणी उरलेल्यावर नाही. शाळेच्या ओसरीवर जे रोज घडते, ते घरच्या ओसरीवर का घडू नये? इतकी एक गोष्ट जरी आपण शाळेतून घरी नेली तरी पुरे आहे.

श्रमाविषयी विशेष लिहिण्याची गरज नाही. ज्या वाटेने आजोबा पायी शेताला जात त्या वाटेने नातू मोटारसायकलने जातो, आणि मग पाव किलो वजन कमी व्हावे म्हणून गोळ्या शोधतो. गावातल्या गावात तरी पायी जाण्याचे व्रत घेतल्यास खर्च काही नाही.

पाहुणचाराच्या रीतीसही थोडी मुरड घालावी लागेल. चहा गोड नसला तर यजमान कंजूष, आणि दुसऱ्यांदा वाढलेले नाकारले तर पाहुणा मानी, ही कल्पना सोडली पाहिजे. आग्रह करावा, पण तो ताकाचा, काकडीचा, उसळीचा करावा. रोग्यास निराळे ताट वाढून त्याला एकटे पाडण्यापेक्षा त्याचे पथ्य सर्वांनी थोडे थोडे वाटून घ्यावे. त्याचे पाळणे त्यामुळे सुकर होईल, स्वयंपाक करणारीचे दुहेरी कष्ट वाचतील, आणि त्याच्या शेजारी बसून जेवणारे लेकरू पुढे तीस वर्षांनी त्याच डॉक्टरांच्या दारात उभे राहण्याचा संभव कमी होईल.

विद्यार्थिमित्रांनो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा सुट्टी जवळ आली असेल. सुट्टीत एक महिना घरच्या साखरेचा, मिठाचा, तेलाचा व डाळीचा हिशेब एका वहीत लिहा, आणि घरात सर्वांत शेवटी कोण जेवते व त्या वेळी भांड्यात काय उरलेले असते, तेही लिहा. महिनाअखेर ती वही आईवडिलांसमोर वाचून दाखवा. त्यांना उपदेश करण्याचे तुमचे वय नाही. पण हिशेब दाखविण्यास वयाची अट नसते.